नखांसकट

जुन्या चित्रातल्या महारोग्याची बोटं पुसायचं काम तिच्याकडे आलं. वेशीबाहेर, लोकांनी दूर राहावं म्हणून मनगटाला घंटा बांधून बसलेला तो म्हातारा मूळ चित्रात बिनबोटांचाच होता. पुढे कधीतरी कुणा दुरुस्ती करणाऱ्याला वाटलं, इथला रंग उडालाय. त्यानं मन लावून दहाच्या दहा बोटं रंगवून दिली, नखांसकट.

"जे मूळ, तेच ठेवायचं. आजच काढून टाक," असं सांगून संग्रहालयाचे साहेब गेले.

तिनं काडीला कापूस गुंडाळला, रंग काढायच्या औषधात बुडवला आणि तशीच बसून राहिली. तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले.

"थांबलीस का गं?"

तिनं सगळं सांगितलं, त्यांच्याकडे न बघता.

बाबा चित्रापाशी वाकले. "रंगवणारा भला माणूस दिसतोय. नखंसुद्धा विसरला नाही."

"पण खोटी आहेत ना, बाबा. पुसावीच लागतील."

"मग पुस की! कामच आहे तुझं." त्यांनी डबा आपल्या बिनबोटांच्या तळव्यांत दाबून धरला आणि नेहमीसारखी दातांनी कडी ओढली. "फक्त आधी जेवून घे, सावकाश. तेवढा वेळ असू देत त्याला."