घसरगुंडीतली ओ

वारूळवाडीला नदीकाठी एकच बाग आहे, तीही बिबट्याच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत बंद होते. कामावरून धावत लेकीला घेऊन यावं, तर झोका तुटलेला असतो. उरते ती पाइपाची घसरगुंडी. आत गेलेलं पोर दिसत नाही, म्हणून आम्ही आया सारख्या हाका मारतो आणि पोरं आतून ओ देतात.

"रूही!"

"ओ, अम्मी!"

"चला वं ताई, टाळं लावायचंय," बाग राखणारी झुंबरबाई खेकसली. "पोरीला काय हितंच झोपवता का?"

"आत्ता तर आलो, मावशी!" मी चिडून म्हणाले.

रूही घसरत खाली आली. मी तिला कडेवर घेतलं, तिच्या घामेजल्या केसांचा पापा घेतला आणि फाटकाबाहेर आले. सवयीनं तोंडातून पुन्हा हाक गेली, "रूही!"

"ओ, अम्मी!"

आवाज मागून, पाइपातून आला.

झुंबरबाईचा हात कुलपावरच थांबला. "ताई, आत कोण ऱ्हायलंय?"

कडेवरच्या रूहीचे ओठ मिटलेले होते. मी मागं वळले, तशी तिनं माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

"अम्मी, थांब ना!" आतून रडका आवाज आला.

"मावशी," कडेवरची हळूच म्हणाली, "लावा टाळं."