पडद्याआडचे पत्ते

बद्रीनाथच्या हातातून पत्ता आठव्यांदा निसटला, तेव्हा पडद्यामागं दुर्गानं कपाळाला हात लावला.

"पुन्हा," साहेबराव म्हणाले. "पत्ता तळहातात दडवायचा, पर बोटं मोकळी दिसली पाह्यजेत. हे बघ." त्यांनी चौकटचा राजा हवेत नाहीसा केला. मग तेच इतक्या सावकाश करून दाखवलं की दगडालाही आलं असतं. बद्रीला आलं नाही.

साहेबराव धावड्याचे. पत्त्यांचे जादूगार म्हणून भोकरदन-जाफराबादकडच्या शाळाशाळांतून त्यांना बोलावणं यायचं. ही विद्या त्यांनी जालन्याला मस्तगडात ख्वाजामियाँपाशी पाच वर्षं राहून मिळवली होती. आता ते ती भाच्याला देत होते. पोटच्या पोरीला नाही.

दहा वर्षांची असताना दुर्गानं पत्ते हातात घेतले, तर आत्यानं, साळूबाईनं, घर डोक्यावर घेतलं होतं. दुर्गाची आई गेल्यापासून घर आत्याच्याच हाती होतं. बद्री तिचाच मुलगा. "पत्ते म्हंजी जुगार. असल्या पोरीची सोयरीक कोण करील? उचल बेलभंडार," ती भावाला म्हणाली. आणि साहेबरावांनी चार माणसांदेखत बेलभंडार उचलून शपथ घेतली: पोरीच्या हातात पत्ता देणार नाही, तिला समोर बसवून शिकवणार नाही. दुर्गानं बापाला त्या दिवसापासून माफ केलं नव्हतं.

म्हणून ती चोरून शिकत होती. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जुन्या लुगड्याचा पडदा होता, त्याला बोटभर भोक. साहेबराव पडद्याला पाठ करून बसायचे, बद्री त्यांच्यासमोर. भोकातून बापाच्या खांद्यावरून तळहातात दडलेला पत्तासुद्धा दिसायचा. पत्त्यांचा कॅट मळला की साहेबराव तो चुलीपाशी फेकायचे आणि "जाळून टाका" म्हणायचे. दुर्गा तो उचलून ज्वारीच्या कणगीत लपवायची. त्यात कधी एक पत्ता कमी नसायचा.

आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, असं ती मनात म्हणायची. कुत्रं व्हायची तिला जराही लाज नव्हती. आत्या दुपारी आडवी झाली की ती कॅट काढायची आणि बोटं दुखेपर्यंत तेच तेच करायची.

तीन वर्षं असं चाललं. बद्री पालथा घडा तो पालथाच राहिला.

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत साहेबरावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. टेंभुर्णीच्या शाळेच्या गॅदरिंगला आठच दिवस उरले होते. साहेबरावांची विद्या बुडाली, असं गाव बोलायला लागलं. "माहा बद्री करील," आत्यानं सगळ्यांना ठणकावून सांगितलं. गॅदरिंगच्या सकाळी बद्री म्हणाला, "मला जमणार न्हाई."

"तीन वर्षं काय झोपा काढल्या?" दुर्गानं विचारलं. त्यानं कोपऱ्यातली खेळाच्या सामानाची पेटी पुढं ओढली.

"पेटी उचल. मी करते."

आत्या दारात आडवी उभी राहिली. "तुह्या बापानं बेलभंडार उचललाय."

"त्यांनी उचललाय. म्या न्हाई." दुर्गा तिच्या बाजूनं निघून गेली. बाप बाजेवरून बघत होता. तिनं वळूनही पाहिलं नाही.

टेंभुर्णीत जादूगार म्हणून पोरगी उभी राहिलेली पाहून लोक हसले. चार टवाळ स्टेजच्या मागच्या बाजूनं चढले. "समोर हजार बसा, पाठीमागं एक बी नको," ती बापाच्याच शब्दांत म्हणाली, आणि ते उतरेपर्यंत तिनं पत्त्याला हात लावला नाही.

दोन खेळ झकास झाले. तिसऱ्याला तातेराव नावाच्या म्हाताऱ्यानं पत्ता ओढला, बघून परत कॅटात घातला. पिसताना दुर्गाचा अंगठा घसरला आणि तो पत्ता हरवला. तिनं वर काढली ती इस्पिकची सत्ती.

"ही न्हाई," तातेराव म्हणाला. "माही बदामची राणी व्हती." मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

बापानं बद्रीला दिलेला धडा दुर्गाला आठवला: हात फसला तर फसू दे, तोंड फसू देऊ नको. चुकीचाच खेळ कर.

"राणी कशी असंल? ही तर तिची दासी," ती म्हणाली. "राणी कुठं बसली ते सांगायला आली." बोलता बोलता तिनं कॅट स्वतःकडं तोंड करून पसरला, राणी हेरली आणि तळहातात घेतली. "राणीसाहेबांना कॅटात करमंना. बाबा, जरा वाका." आणि तिनं तातेरावाच्या पटक्यातून बदामची राणी काढली.

टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांनी पुढच्या सालचं बोलावणं तिथंच दिलं, तिच्या नावानं.

दिवस मावळताना ती घरी आली. आत्या रागानं शेजारच्या घरी जाऊन बसली होती. दुर्गा सरळ बाजेपाशी गेली. बापाच्या डोळ्यांसमोर तिनं चौकटचा राजा नाहीसा केला, परत आणला.

"चोरून शिकले," ती म्हणाली. "तीन वर्षं, तुमच्या पाठीमागं बसून. तुम्ही न्हाई दिलं, म्या घेतलं. आता काय करायचं ते करा."

साहेबरावांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. डावा हात उचलून काहीतरी सांगायची त्यांची धडपड चालली होती. दुर्गा जागची हलली नाही.

बद्रीनं पेटी खाली ठेवली.

"दुर्गे," तो म्हणाला, "मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितल्तं. तू नुस्ता समोर बस अन् पत्ते पाडत राह्य. शिकणारी पाठीमागं हाये."