नळीतलं पाणी

"एवढं शिकून तुझी लेक संस्कृती करती तरी काय?" हळदीकुंकवाला थोरल्या जाऊबाई दरवर्षी सगळ्यांसमोर विचारायच्या.

"नळीतून पानी कसं व्हातं, त्यावर संशोधन करती," चांगुणा खाली मान घालून सांगायची.

बाया हसायच्या. "त्ये तर आमी रोज उसात बघतो!"

यंदा एका नव्या सुनेनं तोच प्रश्न विचारला. चांगुणाची मान सवयीनं खाली गेली. पण उत्तर द्यायला जाऊबाईच पुढं झाल्या. दिवाळीत नगरला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी सुनेचा हळदीनं माखलेला हात ओढला आणि स्वतःच्या छातीवर दाबून धरला.

"आत आमच्या संस्कृतीनं केलेली झडप हाय. बघ, रगात कसं व्हातंय!"