चांगला माल

सकाळी चहा टाकायच्या आधीच रंगूबाई परसात धावल्या. सुनेनं तेलाच्या डब्यात लावलेलं टोमॅटोचं रोप गुडघ्याएवढंही वाढलं नव्हतं, पण बोराएवढ्या पिवळ्याधमक फळांनी नुसतं लगडलं होतं. "प्रगती, पळ! पिकली गं!" सून हसत आली. "तोडा आत्या, पयला मान तुमचा." रंगूबाईंचा हात अधीरपणे रोपात शिरला आणि पानाआडच्या तडकलेल्या फळावर जाऊन थांबला. सांगवीच्या रानात चाळीस वर्षं टोमॅटो केलेला. चांगला माल क्रेटमधून बारामतीच्या बाजारात जायचा आणि फुटका तेवढा घरच्या कालवणात पडायचा. प्रगतीनं तो हात धरून सगळ्यात टपोऱ्या फळावर ठेवला. "ह्ये आपल्याला खायलाच लावलंय, आत्या." रंगूबाईंनी फळ तोंडात टाकलं आणि ते दाताखाली फुटताच त्या लहान पोरीगत ओरडल्या, "अगं बया! म्हंजी जन्मभर आमी एवढं ग्वाड लोकांस्नीच चारलं व्हय गं!"