शपथेवर दिलेलं उत्तर

न्यायाधीशबाईंनी खूण केली आणि कारकुनाने टेबलावरचं लहानसं यंत्र सुरू केलं.

"सुमती, जेवलीस का? माझ्यासाठी थांबू नकोस, आधी जेवून घे."

सुमतीबाई खुर्चीत सावरून बसल्या. गेल्या वर्षी वारलेल्या यजमानांचा, यंत्राने घडवलेला हा आवाज रोज दुपारी घरात असाच बोलत असे.

कायदा साधा होता. माणूस गेल्यावर त्याचा आवाज घरात ठेवायचा, तर तो त्याच्याच स्वभावाला धरून बोलतो, अशी साक्ष जवळच्या माणसाने वर्षाच्या आत शपथेवर द्यायची. नाहीतर तो कायमचा पुसला जाई.

"आई, नुसतं हो म्हण," शेजारी बसलेला मुलगा, निरंजन, कुजबुजला.

"आजी, तुमचे यजमान असंच बोलायचे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

बेचाळीस वर्षं सुमतीबाई यजमानांचं ताट उचलल्यावरच जेवल्या होत्या. कधी कधी तीन वाजत. माणूस वाईट नव्हता. बायकोला असं काही विचारायची त्या घरात रीतच नव्हती. या वर्षभरात मात्र त्यांना त्या प्रश्नाची सवय लागली होती. बाराच्या सुमारास त्या कान देऊन बसत.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

"मग हे पुसावं लागेल. हवं तर पुन्हा विचार करा."

"केला, बाई. हा विचारतो ते मला फार आवडतं. पण जे ते कधी बोललेच नाहीत, ते शपथ घेऊन त्यांच्या नावावर कसं लावू?"

निरंजन मान खाली घालून बसला. सुमतीबाईंनी यंत्र स्वतःच उचललं आणि कारकुनाच्या हातात दिलं.