सातवा आकडा कासवाचा

हॉटेलच्या बाथरूममध्ये प्लास्टिकचा मग बादलीवर आपटला आणि सकाळची शांतता मोडली. आई ताडकन उठून बसली. शेजारी बाबा घोरत होते, बेटाचा नकाशा छातीवर पांघरून.

बाथरूमच्या दाराआडून बारीक आवाज येत होता. "चार, पाच, सहा." मग जरा गप्प. मग घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात, "साऽऽत." मग पुन्हा बारीक आवाजात, "आठ, नऊ, दहा."

आईने दार ढकललं. सहा वर्षांची टिकली डोक्यावरून पाणी निथळत उभी होती.

"सराव करतेय," ती म्हणाली. "आज खोल समुद्रात तू आधी, मग मी. ठरलंय ना?"

"ठरलंय," आई म्हणाली.

हा सगळा घोळ तिचाच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत टिकलीचे केस धुवायचे म्हणजे घरात रणधुमाळी असायची. शॅम्पूची बाटली दिसली की पोर पलंगाखाली. आईचे स्वतःचे केस लहानपणी मान खाली दाबून, एका दमात धुतले जायचे. रडलं तर वर एक धपाटा. तसं करायला तिचे हात होईनात. मग एका रविवारी, फेसाने भरलेल्या हातांनी, तिने थाप ठोकून दिली. मी लहान असताना एका बेटावर गेले होते, थेट खोल पाण्यात उतरले होते, आणि तिथल्या म्हाताऱ्या कासवाने मला सांगितलं, डोळे मीट, दहापर्यंत मोज, फक्त सातवा आकडा माझा. तेव्हापासून सहापर्यंत टिकली मोजायची, सात आई कासवाच्या आवाजात म्हणायची, आणि दहा होईतो फेस उतरलेला असायचा. दर रविवारी गोष्ट लांबत गेली. आईने खडकांवरून उड्या मारल्या, गुहा पालथ्या घातल्या, माशांशी शर्यती लावल्या.

प्रत्यक्षात आई जन्मात गुडघ्यापलीकडे पाण्यात गेली नव्हती. या बेटावर आल्यापासून बापलेकींचा डोंगर चढून झाला होता, छोटी होडी वल्हवून झाली होती. आई तीन दिवस वाळूत बसून चपला, टॉवेल आणि बाबांचा चष्मा राखत होती. टिकलीने बोलावलं की ऐटीत सांगायची, "इथलं पाणी उथळ आहे गं. मला खोलाची सवय." ते ऐकून टिकलीने बाबांना खोल पाण्यात जाणारी बोट ठरवायलाच लावली.

"सांगून टाक ना तिला," धक्क्यावर बाबा कुजबुजले.

"सांगते. मग रविवारी केस तू धू."

बाबा लगबगीने बोटीत चढले.

पायात बदकासारखे रबरी पंख चढवून सगळ्यात आधी तयार झालेले बाबा बोट हलायला लागताच मळमळून हिरवेपिवळे झाले. प्रवाळाच्या खडकांपाशी नांगर पडेपर्यंत ते पंखांसकट आडवे झाले होते.

"साहेबांचं झालं," बोटवाला म्हणाला. "आता कोण उतरणार?"

"माझी आई," टिकली म्हणाली. "तिची इथल्या कासवांशी ओळख आहे."

बोटवाल्याने बोटीची कड गच्च धरलेल्या आईच्या बोटांकडे पाहिलं. "मग आमचीही ओळख करून द्या, ताई." त्याने तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, पोहण्याचा चष्मा आणि श्वासाची नळी नीट बसवून दिली. "हे जॅकेट काही बुडू देत नाही. तुम्ही फक्त शिडी सोडायची."

आई शिडीवरून उतरली. पाणी पोटरीला लागलं, मग कमरेला, मग छातीला. हात मात्र शिडी सोडेनात. आता वर चढले तर दोन वर्षांचे सगळे रविवार पाण्यात जाणार, आणि वर उभी असलेली ती इवलीशी हिंमतही. तिने तोंडातली नळी काढली, डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. सहापर्यंत आली. पुढचा आकडा काही केल्या निघेना.

वरून घोगरा, म्हातारा आवाज आला. "साऽऽत."

आईचे हात सुटले.

नळी तोंडात धरून तिने पाण्यात मान घातली. पिवळे मासे तिच्या पोटाखालून असे निघाले होते, जणू शाळेला उशीर झालाय. तळाच्या वाळूवर उन्हाची जाळी हलत होती, आणि त्या जाळीत एक हातपाय पसरलेली सावली होती. कासव. दुसऱ्या क्षणी तिला कळलं, ती आपलीच सावली. ती नळीतच हसली आणि तिच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं.

खोकत वर आली तर बोटवाल्याचा हात धरून टिकली शिडी उतरतच होती. तिने आईच्या गळ्याला मिठी मारली, चेहरा पाण्यात घातला, काढला, पुन्हा घातला. दहाच्या दहा आकडे आई मोठ्याने मोजत होती.

"टिकले," आई शेवटी म्हणाली, "एक सांगू? मी आज पहिल्यांदाच उतरले."

"माहितीये. स्वतःचे केस धुताना तू घाबरून नळ धरून ठेवतेस. मी दाराच्या फटीतून बघितलंय."

बोटीतून आडव्या बाबांचं हसू ऐकू आलं.

"कधी बघितलंस?"

"खूप आधी." टिकलीने आईच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "पण आई, तू लहान होतीस तेव्हा तुझं सात कोण म्हणायचं?"