कातळ खाणारे पाणी

दोन महासागरांचे पाणी नव्या कालव्यात एकमेकांना भेटले, तेव्हा काठावर जमलेली माणसे नाचू लागली. हेमांगी सामंत मात्र काठाचा कातळ न्याहाळत होती. तिने प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंनीच मधला डोंगर पोखरला होता. त्यांनी कातळ खायचा आणि खारे पाणी लागताच मरून जायचे, असा बेत होता.

तिने काठाच्या कातळावर हात टेकला, तर तो चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारखा सुटून आला.

"प्रबोध, सगळ्यांना मागे घे!" ती नवऱ्याला ओरडून म्हणाली. तो इथला मुख्य अभियंता होता. "ते मेलेले नाहीत. अजून खाताहेत!"

तिच्या तळहातावरचा काळा लगदा पाहून प्रबोधने धोक्याचा भोंगा वाजवला. लोक कुरकुरत टेकडीवर चढले. शेवटचा माणूस वर पोचतो न पोचतो तोच सबंध काठ पाण्यात खचला.

"वाचलो गं," प्रबोध धापा टाकत म्हणाला. "आता कालव्याची दारं लावून घेऊ."

"दारं कातळातच रोवली होती ना?"

दोघांनी खाली पाहिले. दारे केव्हाच वाहून गेली होती. ओहोटी लागली होती आणि कालव्याचे गढूळ पाणी जिवंत जिवाणूंसकट भराभर समुद्रात चालले होते.

हेमांगीने समुद्रापलीकडे देवगडला फोन लावला.

"आई, आत्ताच्या आत्ता घर सोड. किनाऱ्यापासून लांब जा."

"लांब म्हणजे कुठवर जाऊ गं?" आईने विचारले.